सहाचे दोन

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली न्हाई. चाँदभाईलाबी सांगितली न्हाई. चाँदभाई म्हणजे लातूरच्या मार्केट यार्डात तीस वर्षं माझ्या टोळीत हमाली केलेला माणूस, माझ्या लग्नात वरातीपुढं नाचलेला. त्याला माझं सगळं ठाऊक हाय — मी कुणाची गचांडी धरली, कुणापुढं मान वाकवली न्हाई, माझी बायको, दत्ताची माय, गेली तेव्हा कुठं तोंड लपवून रडलो. एवढं एक सोडून. तुम्ही मला ओळखत न्हाई, म्हणून तुम्हाला सांगायला बसलोय. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं का? तसंबी न्हाई. चार दिवस झाले, वही उघडतो आणि मिटतो.

अक्षर माझं खराब हाय. तिसरीपर्यंत शाळा, त्यातलंबी निम्मं वर्ष गुरांमागं. पाढा चुकला म्हणून मास्तरनं एकदा भर वर्गात माझा कान धरून सगळ्यांकडून हसवून घेतलं. त्या दिवशी पाटी टाकली ती टाकलीच. तेव्हापासून एक जिद्द धरली — कुणाला काही विचारायचं न्हाई, आणि 'मला कळत न्हाई' असं कुणापुढं म्हणायचं न्हाई. साठ वर्षं ती पाळली. एकदाच मोडली. ती ज्या कामासाठी मोडली, त्याची आज शरम वाटते.

पण आधी यार्डाचं सांगू द्या. त्याच्याशिवाय पुढचं कळणार न्हाई. आणि खरं बोलायचं तर — मलाच तिकडं जरा रेंगाळायचंय.

मी मुकादम होतो. आधी हमाल, मग मुकादम. माझ्या हाताखाली अठरा माणसं. तुरीच्या दिवसांत यार्डात सकाळी पाय ठेवला की सगळं पिवळं दिसायचं — जमीन, शेड, माणसांच्या भुवयासुद्धा. सौदा सुरू व्हायच्या आधी एक घटका अशी असायची की सगळं यार्ड गप. ढीग घातलेले, आडते कोपऱ्यात उभे, बाया सूप घेऊन बसलेल्या. मग कुणीतरी पहिला भाव बोलायचा आणि जो गलका उठायचा — आजबी कानात हाय माझ्या. कट्टा, म्हणजे तुरीनं भरलेलं पोतं, पाठीवर घ्यायची एक ढब असते. चाँदभाई घ्यायचा तेव्हा वाटायचं की कट्टाच आपण होऊन त्याच्या पाठीवर चढला. दुपारी शेडखाली आडवं व्हायचं, भाकरीवर ठेचा, वरून कुणाच्यातरी घरचं ताक. काय होतं त्यात? काही नव्हतं. तरीबी हे लिहिताना हात थांबला माझा.

मुकादमाचं काम काय असतं? लोकांना वाटतं ओरडायचं. न्हाई. मुकादमाचं काम म्हणजे किती माणसं उभी ठेवायची आणि किती मोकळी सोडायची, हे ओळखणं. मी गेटावर दोनच माणसं ठेवायचो. बाकीचे शेडखाली, चहाला, झोपायला, कुणी दुसऱ्या आडतीवर. औशाच्या रस्त्यावर धूळ उठली की मला दिसायची. किती धूळ, त्यावरून किती गाड्या, हे सांगायचो. गाडी गेटात येईपर्यंत शिट्टी मारली की माणसं हजर. रिकामी माणसं उभी ठेवणं हे मला कधी खपलं न्हाई. दुसऱ्या टोळ्यांचे मुकादम दहा-दहा जण उन्हात ताटकळत ठेवायचे, मी हसायचो त्यांना. आणि माझं काम कधी अडलं न्हाई. एकदाबी न्हाई. ह्याचा मला लई गुमान होता, घमेंड म्हणा. अजून हाय का? — पुढं वाचा, मग तुम्हीच ठरवा.

गुडघे गेले तेव्हा घरी बसलो. दत्ता, माझा मुलगा, रेणापूरला शाळेत मास्तर. त्याचं लग्न झालं आणि वर्षा घरात आली. नांदेडची पोर. बाप तिचा टेलर, पण पोरीला कम्प्युटरचं शिकवलं त्यानं. ती लग्नाच्या आधीच नांदेडच्या एका लहानशा कंपनीत लागली होती, लग्नानंतर तेच काम लातुरात घरी बसून करायला लागली. पहिल्यांदा मला ते पटलं न्हाई. सून घरात बसलीय आणि कामावरबी हाय, हे कसलं? मी चार महिने तिच्या त्या टेबलाकडं बघितलंबी न्हाई.

मग एका दुपारी ती आपण होऊन म्हणाली, "मामा, नुसते शेंगा फोडत बसता. या की इकडं, दाखवते मी काय करून राहिले ते."

मी म्हणलं, "मला काय करायचंय?" पण खुर्ची सरकवली.

त्या दुपारी — काय सांगू तुम्हाला. खिडकीच्या बाहेर लिंब, आत ती तिच्या खुर्चीत, मी माझ्या. मांडीवर शेंगांचं सूप. साठ वर्षांत मला कुणी काही शिकवायला बसलं नव्हतं. आणि ती शिकवायची ते असं, की आपण शिकून राहिलोय हे आपल्या ध्यानातबी येऊ नये.

त्या कंपनीचं काम परीक्षांचं होतं. पोरं कम्प्युटरवर परीक्षा देतात ना, तो सगळा कारभार ती लोकं चालवायची. वर्षाच्या ताब्यात एक पान होतं. पान म्हणजे कम्प्युटरवरचं. त्यात एकाखाली एक चौकोन, आणि त्या चौकोनांत भरायचं. मी विचारलं — न्हाई, विचारलं न्हाई, मी नुसतं बोट केलं. तिनं ओळखलं.

"मामा, समजा तुम्ही शेतात निघाला. भाकर बांधून दिली तर त्याच फडक्यात चटणी, कांदा, मीठ, सगळं असतं न्हवं? जिथं सोडाल तिथं जेवण तयार. तसं हे. परीक्षा चालवणारा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका गाठोड्यात बांधायचं. ह्याला कंटेनर म्हणतात."

"कंटेनर तर अठरा चाकी असतो," मी म्हणलं.

ती एवढी हसली की आतली मांजर पळाली. पण ते हसणं त्या मास्तरच्या वर्गातलं नव्हतं. तेवढा फरक मला कळतो.

मग एकेक चौकोन सांगितला तिनं. पहिल्यात नाव. दुसऱ्यात कोणतं गाठोडं सोडायचं ते. तिसऱ्यात — किती सोडायची. एकासारखी एक, जुळी. एक पडलं तर दुसरं आपोआप उभं राहतं. चौथ्यात एकाला किती खायला द्यायचं, म्हणजे कम्प्युटरची किती ताकद, त्याच्या वर मागितलं तर मिळणार न्हाई. पाचव्यात कोणत्या दारात उभं करायचं. तळाला निळं बटन. आणि उजव्या अंगाला जेवढी उभी असतील तेवढे हिरवे ठिपके, प्रत्येकापुढं एक रेघ — किती काम करतंय त्याची.

मी बघत राहिलो. मग म्हणलं, "हा तर हजेरीपट हाय."

"हाव मामा!" तिनं टेबलावर थाप मारली. "हजेरीपटच. माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

त्या दिवसापासून ती त्या पानाला हजेरीपटच म्हणायला लागली. नांदेडला तिचा वरचा माणूस होता, अझहर म्हणून, तिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठा. फोनवर त्याला सांगायची, "अझहरभाई, हजेरीपट बघा जरा." मी पलीकडं शेंगा फोडत बसलेला असायचो आणि मनातल्या मनात एक इंच उंच व्हायचो. माझा शब्द नांदेडच्या कंपनीत चालू झाला होता!

इंग्रजी अक्षरं मला येत न्हाईत. पण कोणता चौकोन कितव्या जागी हाय ते पाठ झालं. आकडे तर मला काट्यावर वाचून, ट्रकच्या पाट्या वाचून येतच होते. दुपारी ती स्वयंपाकघरात असली की हाक मारायची, "मामा, किती हिरवे?" मी बघून सांगायचो, "दोनबी हिरवे." एकदा चाँदभाई आला होता, त्यानं हे ऐकलं. म्हणाला, "क्या मुकादम, रिटायर होऊन बी हजेरी घेताव?" मी म्हणलं, "घ्यायलाच पाहिजे. ही टोळी तुझ्यासारखी बिड्या ओढायला पळत न्हाई." तो खोकेपर्यंत हसला. वर्षानं त्याला चहा करून दिला आणि त्यालाबी गाठोड्याचं समजावून सांगितलं. त्याला काही कळलं न्हाई. मला लई बरं वाटलं, त्याला कळलं न्हाई म्हणून.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. नात झाली, आरू. वर्षा दोन महिने माहेरी राहून आली आणि पुन्हा टेबलाशी बसली. एका हातानं पाळण्याची दोरी, दुसऱ्या हातानं काम. झोप पुरत नव्हती तिला. तरीबी दुपारी माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढायची. मी आयुष्यात लई चांगले दिवस बघितले असं न्हाई. जे बघितले, त्यातले हे.

आता मला त्या शनिवारावर यायला पाहिजे. मी बराच वेळ काढला, तुम्हीबी ओळखलं असंल.

रविवारी एक मोठी परीक्षा होती. खेड्यापाड्यातल्या पोरांसाठी, शहरात वसतिगृहात फुकट राहून शिकायच्या जागा मिळणार होत्या, त्यासाठीची निवड. कुठं कुठं सेंटर होते, पार इस्लापूरच्या बाजूची पोरंबी आपल्या तालुक्याच्या गावी येऊन बसणार होती. शनिवारी दुपारी वर्षानं हजेरीपट उघडला आणि तिसऱ्या चौकोनात दोनाचे सहा केले. बटन दाबलं. बघता बघता सहा ठिपके हिरवे झाले.

मी बघत होतो. सहापैकी सहा नुसते उभे. रेघा सगळ्या आडव्या, झोपलेल्या. काम शून्य.

मी म्हणलं, "उद्याच्या गाडीसाठी आजच सहा माणसं उभी? दोन ठेव. गर्दी झाली तर चार बोलव."

ती फोनवर होती, अझहरशी, फोन टेबलावर ठेवून बोलत होती. दमलेली होती, आरू कडेवर रडत होती. ती पटकन बोलून गेली, "मामा, हे यार्ड न्हाई. ह्यात तुमचं मुकादमकीचं गणित नका लावू." आणि फोनमधून अझहर हसला.

बस्स. एवढंच झालं. तो माझ्यावर हसला का आणखी कशावर, हेबी मला माहीत न्हाई. त्या पोरीनं तर पुढच्याच मिनिटाला मला चहा विचारला. पण माझ्या कानात दुसराच वर्ग भरला होता.

थोड्या वेळानं आरूचं अंग गरम लागलं म्हणून दत्ता आणि वर्षा तिला घेऊन मोटारसायकलवर दवाखान्यात गेले. घाईत गेले. कम्प्युटर उघडाच होता. पान उघडंच होतं.

मी उठलो. गुडघ्यावर हात ठेवून उठलो, चष्मा पुसला, तिच्या खुर्चीत बसलो. माझ्या न्हाई — तिच्या. तिसऱ्या चौकोनात बाण नेला. सहा पुसले. दोन लिहिले. निळं बटन दाबलं. मध्येच एक खिडकी उघडली. अशी खिडकी उघडली की ते विचारतंय 'नक्की का?', हे तिनंच मला दाखवलं होतं. डावीकडं न्हाई, उजवीकडं हाव. म्हणजे मला विचारलंबी गेलं होतं, बरं का. मी उजवीकडचं दाबलं.

चार ठिपके एकेक करून विझले. मी मागं टेकून बघत होतो. चौघांना घरी सोडल्यासारखं वाटलं मला. बरं वाटलं. हे लपवत न्हाई — लई बरं वाटलं. उद्या परीक्षा नीट पार पडली की तिला म्हणायचं होतं, "बघ, दोनात भागलं. गणित यार्डाचं असू दे न्हाईतर आणखी कशाचं." माझ्या डोळ्यांपुढं तिचं तोंडसुद्धा आलं होतं, कपाळाला हात लावून हसणारं. मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो आणि शेंगा फोडायला लागलो.

रात्री ते आले तेव्हा मी गप राहिलो. सकाळीबी गप राहिलो. धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून परीक्षेच्या वेळेआधी खुर्चीत येऊन बसलो होतो मी, शाबासकी घ्यायला. वर्षा आली, पान बघितलं. जे होते ते सगळे हिरवे होते. रात्रभर आरूनं जागवलेलं, तिनं रंग बघितला, मोजले न्हाईत.

दहा वाजले.

यार्डात गाडी यायच्या आधी धूळ उठते. मला वाटलं होतं इथंबी काहीतरी उठंल, आधी दिसंल, मग सांगता येईल की चार बोलव. काही उठलं न्हाई. एका मिनिटात सगळी पोरं एकदम आत आली. सगळ्या सेंटरांतली, एकदम. दोन्ही रेघा उभ्याच्या उभ्या वर गेल्या. एक ठिपका लाल झाला. दुसऱ्यावर सगळा भार, तोबी लाल. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. वर्षा ओरडली, "दोनच? मी सहा केले होते!" तिनं पुन्हा सहा केले, पण नवीन उभा राहिला की दारातली सगळी गर्दी त्याच्यावरच पडायची आणि तोबी आडवा. अर्धा तास असं चाललं — मध्ये थोडा वेळ चालायचं, पोरं उत्तरं लिहायची, पुन्हा पडायचं. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. तेव्हा बोललो असतो तर? नुसतं 'पोरी, मी केलं' एवढं? त्यानं परीक्षा वाचली नसती. पण मी आजची ही वही लिहीत बसलो नसतो.

पोरांनी लिहिलेली उत्तरं गेली. दिवसभर फोन येत होते, आणि ते सगळे वर्षानंच घेतले, दुसऱ्या कुणाला घेऊ दिले न्हाईत. इस्लापूरकडचा एक बाप होता. तो ओरडला न्हाई. तो म्हणत होता, "ताई, पोरीनं निम्म्याच्या वर सोडवलं होतं, ते धरा की." ती त्याला 'हाव काका, हाव काका' म्हणत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. परीक्षा आठ दिवसांनी पुन्हा घेतली. सगळी पोरं पुन्हा येऊ शकली न्हाईत. ती इस्लापूरकडची आली का न्हाई, हे मी कधी विचारलं न्हाई.

संध्याकाळी वर्षानं त्या पानाची जुनी नोंद काढली. कुणी कधी काय बदललं, सगळं त्यात असतं. हे मात्र तिनं मला दाखवलं नव्हतं. वाचलं तिनं — काल, चार चाळीस, सहाचे दोन, वर्षाच्या नावानं.

ती म्हणाली, "चार चाळीसला तर आपण निघायच्या गडबडीत होतो." मग दत्ताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मामा, तुम्ही हात लावला होता का कम्प्युटरला?"

मी घरात बसलेलो होतो. अंगावर धुतलेलं धोतर. सत्तरीचा माणूस.

मी म्हणलं, "मला काय कळतंय बाई त्यातलं? मी तिसरी शिकलेला माणूस."

ते वाक्य, जे मी मास्तरला म्हणलो न्हाई, आडत्यांना म्हणलो न्हाई, बँकेत म्हणलो न्हाई, दवाखान्यात म्हणलो न्हाई — ते म्हणलो. आणि खोटं म्हणलो. कारण मला कळत होतं. तिनंच शिकवलं होतं.

दत्ता हसला. "आबा? त्यांना ते चालू तरी करता येतं का?"

तेव्हा वर्षा त्याच्यावर चिडली. "कळतं त्यांना. तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पण मामा न विचारता हात लावणार न्हाईत."

मी मान खाली घातली आणि तिचं बोलणं तसंच राहू दिलं.

मग दोघांनी मिळून ठरवून टाकलं — झोप न्हाई, लेकरू आजारी, जायच्या घाईत एकदा बघावं म्हणून तिनंच पान उघडलं असंल आणि आकडा बदलून गेला असंल. पहिल्यांदा ती म्हणत होती, "मला आठवत कसं न्हाई?" मग दोन दिवसांनी म्हणायला लागली, "आठवतं थोडंथोडं. खुर्चीत बसले होते मी." तुम्ही बघा हे — जे झालंच न्हाई, ते तिला आठवायला लागलं. मी समोर बसून ऐकत होतो.

कंपनीनं तिला काढलं न्हाई. अझहर स्वतः नांदेडहून आला, आमच्या ओट्यावर बसला, म्हणाला, "ताई, माझ्याकडून ह्याच्यापेक्षा मोठं झालंय. होतं असं." त्यानं मलाबी वाकून सलाम केला. चांगल्या घरचं पोरगं. पण वर्षाचं मन उठलं होतं. एकेक आकडा भरून ती दहादा वाचायची, मग दत्ताला बोलवून वाचायला लावायची. दुपारी माझी खुर्ची ओढणं बंद झालं. मला वाईट वाटू नये म्हणून तिनं कारणबी सांगितलं, "मामा, कुणी जवळ असलं की माझं ध्यान जातं." दोन महिन्यांनी तिनं काम सोडलं. कम्प्युटर कंपनीचा होता, खोक्यात घालून परत पाठवला. टेबल अजून तिथंच हाय, त्याच्यावर आता आरूची वह्या-पुस्तकं असतात.

बापाकडून शिवणकाम शिकलेली होती, आता साड्यांना फॉल-पिको करते. गॅस बंद केला का म्हणून स्वयंपाकघरात तीनदा जाते. आमटी ढवळता ढवळता विचारते, "मामा, मीठ घातलं का हो मी?" मी सांगतो, घातलं. तिला माझं पटतं. घरात कुणाच्या शब्दावर तिचा भरवसा असंल तर तो माझ्या. चार वर्षं झाली ह्याला.

चाँदभाई एकदा म्हणाला, "मुकादम, तुम्हारी बहू पहले कितना बोलती थी." मी म्हणलं, लेकरू झाल्यावर बाया गप होतात. हेबी खोटंच.

आता गुरुवारचं. ज्याच्यामुळं ही वही काढली.

दुपार होती. दत्ता शाळेत, आरू बालवाडीत. वर्षा खाली सतरंजीवर साडी पसरून बसलेली, मी माझ्या खुर्चीत. तिचा फोन वाजला. अझहर होता. कामात हात गुंतलेले, म्हणून तिनं फोन बाजूला ठेवून आवाज मोठा केला, त्यामुळं मलाबी सगळं ऐकू आलं. कंपनी आता मोठी झालीय म्हणाला. नवीन माणसांना शिकवायला, सगळ्यावर नजर ठेवायला कुणीतरी पाहिजे. "ताई, तुमच्यासारखं समजावून सांगणारं मला दुसरं कुणी भेटलं न्हाई. इथं अजून सगळे हजेरीपटच म्हणतात त्याला. परत या. घरूनच करा."

तिचा हात साडीवर थांबला. एका क्षणासाठी — मी बघितलं, डोळ्यांनी बघितलं — ती पहिल्यासारखी दिसली. मांजर पळाली होती त्या दुपारसारखी. मला वाटलं आता हाव म्हणणार.

ती म्हणाली, "न्हाई अझहरभाई. माझ्या हातांचा मलाच भरवसा न्हाई."

त्यानं लई विनवलं. ती न्हाईच म्हणत राहिली, हळू आवाजात. मग फोन ठेवला आणि साडीचा काठ पुन्हा मांडीवर ओढला. घरात आम्ही दोघंच. कुणाची भीती न्हाई, दत्ता न्हाई, नांदेडचं कुणी न्हाई. खरं सांगितलं असतं तर तिनं तोच फोन उचलून परत लावला असता. उशीर झालेला नव्हता. अजिबात झालेला नव्हता.

तिनं मान वर केली. "मामा, बरोबर केलं न्हवं मी? पुन्हा माझ्या हातून कुणाच्या लेकराचं नुकसान नको."

आणि मी म्हणलं, "हाव. बरोबर केलंस."

चार वर्षांपूर्वी मी तिचे सहाचे दोन केले, ते माझ्या गुमानानं केलं. तिनं विचारलं तेव्हा खोटं बोललो, ते भेकडपणानं. हे गुरुवारचं कशानं बोललो? त्याला माझ्याकडं नाव न्हाई, आणि मी शोधतबी न्हाई. मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, एवढंच हाय ते. त्याच्यासाठी मी तिचे हात तिच्याकडून काढून घेतले, आणि ती परत मागत होती तेव्हाबी दिले न्हाईत.

माझं 'हाव' ऐकून तिला हलकं वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं मला. ती सुईत दोरा ओवायला लागली. आता ती पुन्हा कधी विचारणार न्हाई.